अख्ख्या गावाला हिवतापाची गोळी, पण कोणाच्या भरवशावर?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतला सातवीतला एक मुलगा आजारी पडला. थंडी वाजून ताप. रक्त तपासलं, हिवताप निघाला. आठवड्याभरात बरा होऊन वर्गात हजर. सप्टेंबरात पुन्हा तोच ताप, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तिसऱ्यांदा. त्याच्या अम्मी शाळेत भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, आमच्या गल्लीतली गटारं उघडी. मच्छर काही जात नाहीत." गटारांचं त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण त्या तीन तापांपैकी नंतरचे दोन बहुधा नव्या मच्छराने आणलेच नव्हते. ते त्या मुलाच्या शरीरातच होते, लिव्हरमध्ये. दवाखान्यातून दोन प्रकारच्या गोळ्या मिळाल्या होत्या. तीन दिवसांच्या संपल्या. चौदा दिवसांच्या गोळ्यांची पट्टी अर्ध्याहून जास्त कपाटात पडून राहिली, कारण चौथ्या दिवशी पोरगं क्रिकेट खेळायला लागलं होतं.

ही एका घराची गोष्ट. हीच गोष्ट अख्ख्या गावाची किंवा बेटाची झाली तर काय करायचं, हा प्रश्न सध्या जगभरातल्या आरोग्यवाल्यांसमोर आहे. त्यावरचा एक उपाय ऐकायला सोपा वाटतो: आजारी असो वा नसो, सगळ्यांनाच एकदम औषध द्या. आपल्याकडे हिवतापासाठी हे सरसकट होत नाही. पण देशात २०२७ पर्यंत स्थानिक हिवतापाचा एकही रुग्ण राहू नये आणि २०३० पर्यंत तो हद्दपार व्हावा असं सरकारचं उद्दिष्ट आहे. उद्दिष्टाची तारीख जवळ आली की असे सोपे उपाय टेबलावर येतात, म्हणून आधीच समजून घेतलेलं बरं.

हिवताप म्हटलं की आपल्या डोक्यात एकच आजार येतो. खरं तर त्याच्या जंतूंच्या जाती अनेक, आणि आपल्या देशात त्यातल्या दोन मोठ्या. फाल्सीपेरम जास्त जीव घेतो, म्हणून त्याची चर्चा जास्त. व्हायव्हॅक्स जीव कमी घेतो, पण पाठ सोडत नाही. मच्छर चावल्यावर त्याचे काही जंतू लिव्हरमध्ये शिरून तिथेच झोपून राहतात. रक्तातले जंतू क्लोरोक्विनने मरतात. झोपलेल्यांना त्याचा धक्काही लागत नाही. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्यातला एखादा जागा होतो आणि ताप उलटतो. उष्ण प्रदेशातल्या व्हायव्हॅक्सची ही खोड जास्तच वाईट. पापुआ न्यू गिनी, इंडोनेशिया या भागांत तो महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने पुन्हा पुन्हा उठतो. थंड मुलखातला मात्र आठ-नऊ महिने गप्प बसू शकतो.

आता खरी अडचण. झोपलेला जंतू कुठल्याही रक्ततपासणीत दिसत नाही. काचपट्टीवर रक्त घ्या, झटपट तपासणीचं किट वापरा, निकाल निगेटिव्हच येणार. शिवाय जंतू जागा झाल्यावर मच्छराला लागण देणारी त्याची अवस्था रक्तात फार लवकर तयार होते, माणूस दवाखान्यात पोचायच्या आधीच. म्हणजे ज्याला पकडायचं तो दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा त्याचं काम होऊन गेलेलं असतं.

हे प्रमाण किती मोठं आहे ते पापुआ न्यू गिनीत झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं. पाच ते दहा वर्षांच्या पाचशेच्या आसपास मुलांना त्यात घेतलं होतं. काहींना फक्त रक्तातले जंतू मारणारं औषध, तर काहींना त्यासोबत लिव्हरमधल्या जंतूंवरचं प्रायमाक्विनही. पुढच्या महिन्यांत कोणाला किती वेळा लागण झाली ते मोजलं. हिशेब असा निघाला की व्हायव्हॅक्सच्या दर पाच लागणींपैकी सुमारे चार जुन्याच, झोपेतून उठलेल्या जंतूंच्या होत्या. म्हणजे तिथे मच्छरदाणी लावून, फवारणी करून तुम्ही पाचव्या लागणीशी लढता. उरलेल्या चार माणसाच्या आतच असतात. वर्गात आम्ही मुलांना 'साचलेलं पाणी टाळा' शिकवतो, ते चुकीचं नाही, पण व्हायव्हॅक्सच्या बाबतीत ते अर्ध्याहून कमी उत्तर आहे हे आम्हालाही हा अभ्यास वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

म्हणून सगळ्यांना औषध. दिसत नाही तो कोणात आहे हे शोधत बसण्यापेक्षा प्रत्येकात आहे असं धरून चालायचं. कल्पना जुनी आहे आणि ती करून पाहिलेली आहे. कुठे जमली आणि कुठे फसली, यातच सगळं शिकण्यासारखं आहे.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात १९७९ मध्ये क्रांती झाली. नव्या सरकारला लोकांसाठी काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं. १९८१ च्या शेवटी त्यांनी देशभर मोहीम काढली. हजारो स्वयंसेवक घरोघर गेले आणि सुमारे १९ लाख लोकांना, म्हणजे देशाच्या जवळपास ७० टक्के जनतेला, तीन दिवस क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विन दिलं. एवढी माणसं एकाच महिन्यात गाठणं ही साधी गोष्ट नव्हती. फाल्सीपेरम काही महिने खाली राहिला. व्हायव्हॅक्स त्याच्याही आधी वर आला. कारण उघड आहे: लिव्हर साफ करायला प्रायमाक्विन तीन दिवस घेऊन भागत नाही. माणसं होती, उत्साहही होता, कमी पडले ते दिवस.

आता दुसरं टोक. प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा बेटांचा देश आहे. त्याच्या दक्षिणेला अनैत्यूम हे छोटं बेट. १९९१ मध्ये तिथे ७१८ माणसं राहत होती, आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. पावसाळ्याच्या आधी सलग नऊ आठवडे, आठवड्यातून एकदा, सगळ्या बेटाला औषध दिलं. रक्तातल्या जंतूंसाठी क्लोरोक्विन, अधूनमधून फॅन्सीडार, आणि लिव्हरसाठी प्रायमाक्विन. शिवाय प्रत्येकाला औषध लावलेली मच्छरदाणी, आणि डासांच्या अळ्या खाणारे मासे पाण्यात सोडले. अकिरा कानेको या जपानी संशोधकाच्या गटाने बेटावरच्या लोकांच्या तपासण्या पुढे नऊ वर्षं चालू ठेवल्या. फाल्सीपेरम औषधानंतर लगेच गेला, परत दिसला नाही. व्हायव्हॅक्स मात्र काही वर्षं चिवटपणे टिकून राहिला आणि १९९६ पासून दिसेनासा झाला. बाहेरून कोणी घेऊन आलं तर तेवढंच. या कामाचा अहवाल २००० मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात छापून आला. त्यात यशाचं मोठं श्रेय लोकांच्या सहभागाला दिलेलं आहे: नऊ आठवडे त्यांनी औषध सोडलं नाही आणि पुढे मच्छरदाण्या सोडल्या नाहीत.

वाचणाऱ्याला लगेच वाटेल, बेट लहान होतं म्हणून जमलं. बरोबर आहे, त्याचा वाटा आहेच. पण आमच्या मते लहानपणापेक्षा 'किती दिवस' आणि 'नंतर कोण थांबलं' हे दोन मुद्दे भारी पडले. याचा ताजा पुरावा आग्नेय आशियात मिळाला. म्यानमार, व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसच्या गावांमध्ये गेल्या दशकात महिन्याच्या अंतराने तीन वेळा, दर वेळी तीन दिवस, सगळ्यांना नव्या औषधांची जोडी दिली गेली. हेतू फाल्सीपेरम घालवण्याचा होता, कारण तिथे तो औषधांना दाद देईनासा झाला होता. तो हेतू बऱ्याच अंशी साधला. त्याच गावांत व्हायव्हॅक्सही आधी एकदम खाली आला, आणि काही महिन्यांत जिथे होता तिथे परत गेला. लिव्हर साफ करेल एवढं प्रायमाक्विन त्या मोहिमेत नव्हतं.

मग सगळ्यांना चौदा दिवस प्रायमाक्विन देऊन टाका, असं कोणी म्हणेल. सोव्हिएत काळात अझरबैजान आणि ताजिकिस्तानात हे केलं गेलं. हे दोन्ही मुस्लिमबहुल देश २०२३ मध्ये अधिकृतपणे हिवतापमुक्त झाले, अल्हम्दुलिल्लाह, जरी त्या यशामागे नंतरच्या अनेक दशकांचं इतर कामही आहे. पण इथेच सगळ्यात नाजूक जागा येते, आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराला ती माहीत हवी असं आम्हाला वाटतं.

काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतःच कमी असतं. जगात अशी सुमारे ४० कोटी माणसं आहेत. हिवताप जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिला तिथे ती जास्त आढळतात: आफ्रिका, अरब देश, आपला उपखंड. सौदी अरेबियाच्या पूर्वेकडच्या भागात हे प्रमाण बरंच आहे. आपल्याकडे पारशी समाजात आणि अनेक आदिवासी जमातींत ते दिसलेलं आहे. एरवी या माणसाला काही त्रास नसतो, त्याला स्वतःला माहीतही नसतं. प्रायमाक्विन पोटात गेलं की त्याच्या लाल पेशी फुटायला लागतात. लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, दम लागतो. असं झालं तर गोळी तिथेच थांबवून ताबडतोब दवाखाना गाठायचा. ही कमतरता आईकडून मुलाकडे येते. पुरुषांमध्ये ती पूर्ण दिसते. बायकांमध्ये अनेकदा अर्धवट असते, आणि साध्या तपासणीत ती निसटू शकते.

हे शास्त्र कसं कळलं तेही सांगायला हवं, कारण ती कहाणी सुखाची नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना मुद्दाम हिवताप देऊन त्यांच्यावर औषधं तपासली जात. युद्ध संपल्यावरही ते चालू राहिलं. प्रायमाक्विनची पारख तिथे झाली. काही काळ्या कैद्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटतात हे तिथेच दिसलं, आणि १९५६ मध्ये त्याचं कारण म्हणून जी-सिक्स-पीडीची कमतरता सापडली. ज्यांना 'नाही' म्हणायची मोकळीक नव्हती अशा माणसांच्या शरीरावर हे ज्ञान उभं आहे. म्हणून जेव्हा कोणी 'सगळ्यांना देऊन टाका' म्हणतं, तेव्हा 'विचारून देणार का?' हा प्रश्न आम्हाला अडाणीपणाचा वाटत नाही.

अनैत्यूममध्ये आठवड्यातून एकदा मात्रा दिली त्याचाही इथे संबंध आहे. ज्यांच्यात ही कमतरता आहे त्यांनाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्याला एक अशा आठ मात्रा देता येतात. मधल्या दिवसांत शरीर नव्या पेशी तयार करतं. रोजच्या गोळीत तेवढी उसंत मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या विषयावर शिफारसी दिल्या, त्या नीट वाचल्या तर शहाणपणाच्या आहेत. व्हायव्हॅक्ससाठी सामुदायिक औषधोपचार ठराविक परिस्थितीत करता येईल, असं त्यांनी सशर्त म्हटलं. पण फक्त लिव्हरवरचं औषध सरसकट सगळ्यांना देण्याची शिफारस मात्र केली नाही. फायदा धूसर, धोका खरा, असा त्याचा साधा अर्थ आम्ही लावतो.

तरी या सावधगिरीची दुसरी बाजू आम्हाला खटकते. जी-सिक्स-पीडीच्या भीतीने कित्येक ठिकाणी रुग्णालासुद्धा प्रायमाक्विन मिळत नाही. तपासणी नाही म्हणून औषध नाही, आणि तपासणी आणायची कोणी तसदी घेत नाही. दर वेळी ताप उलटला की मुलाचं रक्त कमी होतं, शाळा बुडते, बापाची मजुरी बुडते. गोळी न देण्यातही नुकसान आहे, फक्त ते कोणाच्या नावावर लिहिलं जात नाही.

औषधांतही सुधारणा झाली आहे. टॅफेनोक्विन नावाचं औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याची एकच मात्रा पुरते. कपाटात पट्टी राहण्याचा प्रश्नच मिटला! पण एकदा पोटात गेलं की ते अनेक आठवडे शरीरात राहतं, मधेच थांबवता येत नाही. म्हणून आधी जी-सिक्स-पीडी नेमकं किती आहे हे मोजणारं यंत्र हवं, नुसती हो-नाही सांगणारी पट्टी चालत नाही. दुसरीकडे, अफगाणिस्तान, इथिओपिया, इंडोनेशिया आणि व्हिएतनाममध्ये झालेल्या मोठ्या चाचणीने २०१९ मध्ये दाखवलं की प्रायमाक्विनची रोजची मात्रा वाढवून सात दिवस दिलं तरी चौदा दिवसांएवढाच उपयोग होतो. अर्थात हेही तपासणीनंतरच.

गरोदर बाईला आणि अगदी लहान बाळाला यातलं काहीच देत नाहीत. म्हणजे मोहिमेत काही माणसं कायम वगळलेली राहणार, आणि त्यांचं रक्षण बाकीच्यांनी गोळी घेण्यावर अवलंबून राहणार. सामुदायिक औषधोपचाराचा खरा सौदा हा आहे. ज्याला आज काही झालेलं नाही त्याने शेजारच्या घरातल्या गरोदर बाईसाठी थोडा धोका पत्करायचा. असं मागणं मागायचा हक्क कोणाला आहे? आमचं उत्तर: ज्याने आधी तपासणी आणली, ज्याने धोका लपवला नाही, आणि त्रास झाला तर जो गावातच भेटेल, त्यालाच.

आपल्या समाजाला हा विषय नवा नाही. पोलिओच्या वेळी पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मोहल्ल्यांत दारं बंद होत होती. डोस घेतला की मूल होत नाही अशी अफवा होती, आणि त्या अफवेमागे आणीबाणीतल्या जबरी नसबंदीची आठवण होती. ती आठवण काही कोणी बनवलेली नव्हती. पाकिस्तानात २०११ मध्ये ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी अमेरिकी गुप्तचरांनी खोटी लसीकरण मोहीम वापरली, त्याची किंमत तिथले पोलिओ कर्मचारी अजून मोजताहेत. आपल्याकडे मात्र अलीगढ, जामिया मिलिया, जामिया हमदर्दची माणसं आणि मशिदींचे इमाम पुढे आले, घरोघर बसून बोलले. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही, आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. दार उघडलं ते पोलिसांच्या काठीने उघडलं नाही.

विदर्भातल्या वाचकांना तर सामुदायिक औषधोपचार घरातूनच माहीत आहे. हत्तीरोगासाठी नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर भागात दरवर्षी गोळ्या वाटल्या जातात. तिथला जुना अनुभव हा की गोळी घेतली जाते, गिळली जात नाही. आशाताई गेली की ती खिडकीत. म्हणून आता 'समोरच गिळा' असा आग्रह धरतात. हत्तीरोगाची गोळी वर्षातून एकदाची. व्हायव्हॅक्सची सात किंवा चौदा दिवसांची. रोज कोण समोर उभं राहणार? अनैत्यूममध्ये शेजारी उभे राहिले.

रमजानबद्दल विचारणा होते म्हणून एवढंच: प्रायमाक्विन दिवसातून एकदा, खाऊन घ्यायचं औषध आहे. मात्रा आणि वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा, पण इफ्तारनंतरची वेळ त्याला अडचणीची नाही. रोजे आले म्हणून कोर्स अर्धा सोडायचं कारण नाही. आजारपणात रोज्याची सवलत आहेच, ती इमामसाहेबांकडून समजून घ्या.

२०२७ च्या उद्दिष्टाबद्दल आम्हाला एक धास्ती वाटते. श्रीलंकेत १९६३ मध्ये वर्षभरात हिवतापाचे फक्त १७ रुग्ण उरले होते. काम सैल पडलं आणि १९६९ मध्ये आकडा पाच लाखांच्या वर गेला. मग पुन्हा सगळं उभं करून तो देश हिवतापमुक्त जाहीर व्हायला २०१६ उजाडलं. आणि २०२२ चा पूर आठवा: पाकिस्तानात आदल्या वर्षी सुमारे पाच लाख रुग्ण होते, पुराच्या वर्षी सव्वीस लाख झाले. साचलेलं पाणी, उघड्यावर झोपणारी माणसं, बंद पडलेले दवाखाने, एवढं पुरलं. मुंबईत हिवताप हा बऱ्याच अंशी व्हायव्हॅक्सचाच, बांधकामांच्या आणि इमारतींवरच्या टाक्यांमधल्या डासांचा. तिथे ७१८ माणसांचं बेट नाही. रोज गाड्या भरून माणसं येतात-जातात, भिवंडीचा कारागीर बिहारला जातो, कोकणातला पोरगा मस्कतला. अशा शहरात सगळ्यांना एकदम गोळी देणं आम्हाला तरी व्यवहारात बसताना दिसत नाही. तिथे प्रत्येक रुग्णाची तपासणी आणि त्याचा पूर्ण कोर्स, हेच काम आधी व्हायला हवं. सामुदायिक औषधोपचाराचा विचार करायचाच तर तो दुर्गम, मोजक्या वस्तीच्या पाड्यांवर, जिथे कोण आलं कोण गेलं हे गावाला ठाऊक असतं.

त्या मुलाच्या अम्मींना आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: जी-सिक्स-पीडीची तपासणी करून घ्या, आणि पट्टी कपाटात ठेवू नका. पहिल्या दवाखान्यात ती तपासणी नव्हती, दुसरीकडे पाठवलं. निकाल चांगला आला. मग चौदा दिवस पोरगा मगरिबच्या नमाजनंतर जेवून आजीसमोर गोळी गिळायचा आणि आजी कॅलेंडरवर खूण करायची. मार्चपर्यंत तरी ताप उलटलेला नाही.